कर्करोगानंतर पुन्हा कामावर. पण मनाच्या जुन्या आजाराचे काय?

मुंबईत ‘टाटाला दाखवले’ एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. परळ येथे १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाचे नाव बोलीभाषेत कर्करोगाचा पर्यायी शब्द होऊन बसले आहे. ठाण्याला आणि पुण्यातील येरवड्यालाही असाच दुसरा अर्थ चिकटला आहे, तो तेथील मनोरुग्णालयांमुळे. फरक इतकाच, की पहिला शब्द उच्चारताना आवाज खाली येतो आणि दुसरा उच्चारताना ऐकणाऱ्याला हसू फुटते. कर्करोगाच्या वाट्याला सहानुभूती येते, मनोविकाराच्या वाट्याला संशय. ज्या माणसाच्या आयुष्यात हे दोन्ही आजार येऊन गेले आहेत, त्याला उपचार संपवून नोकरीवर परतताना या फरकाची किंमत मोजावी लागते.

एक उदाहरण कल्पून पाहावे. बेचाळीस वर्षांची एक नोकरदार स्त्री. अठ्ठाविसाव्या वर्षी, बाळंतपणानंतर तिला तीव्र नैराश्याने गाठले होते. दोन वर्षांच्या औषधोपचारांनी ती पूर्ण बरी झाली. ही गोष्ट नवरा आणि आई यांच्यापलीकडे कोणालाही ठाऊक नाही. आता स्तनाचा कर्करोग, शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार असे नऊ महिने घालवून ती कामावर रुजू होऊ पाहते आहे. या काळात तिच्यासमोर तीन अर्ज आले. पहिला रुग्णालयाचा, दुसरा कार्यालयाचा, तिसरा विमा कंपनीचा. तिन्हींत एक रकाना सारखाच होता: ‘पूर्वी कोणताही मानसिक आजार झाला होता काय?’ तिन्ही ठिकाणी ‘नाही’ लिहून मोकळे व्हावे, असे तिला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हे तीन प्रश्न वरवर सारखे दिसले तरी त्यांची उत्तरे एक नाहीत.

आकडे काय सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेच्या अंदाजानुसार भारतात २०२२ साली सुमारे १४ लाख नव्या रुग्णांना कर्करोगाचे निदान झाले. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतीय स्त्रियांना स्तनाचा कर्करोग सरासरीने सुमारे दहा वर्षे आधी होतो. म्हणजे मुलांचे शिक्षण, घराचे हप्ते आणि नोकरीतील बढती ही सारी ऐन भरात असतानाच तो गाठतो. उपचारांनंतर कामावर परतणे हा अशा वेळी केवळ उत्साहाचा प्रश्न राहत नाही; घर चालण्याचा प्रश्न होतो.

हे परतणे सर्वांना साधत नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ३६ अभ्यासांतील वीस हजारांहून अधिक कर्करोगमुक्तांची माहिती एकत्र करण्यात आली. त्यांच्यापैकी सुमारे ३४ टक्के जण बेरोजगार होते. कर्करोग न झालेल्यांत हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकाने २०११ साली छापलेल्या आढाव्यानुसार कर्करोगावर उपचार घेणाऱ्या साधारण दर सहा रुग्णांपैकी एकाला वैद्यकीय निकषांवर नैराश्य असते.

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, तंबाखूचे व्यसन वगळता, १३.७ टक्के प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी मानसिक विकार झाल्याचे आढळले. हेच प्रमाण कर्करोगरुग्णांना लावून पाहिले, तरी साधारण दर सात रुग्णांत एक जण मनाच्या आजाराचा पूर्वेतिहास घेऊन कर्करोग विभागाच्या दारात येतो, असे म्हणावे लागेल. नैराश्याचा एक झटका येऊन गेलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना तो पुढे पुन्हा येतो, हे लक्षात घेतले म्हणजे या पूर्वेतिहासाचे महत्त्व कळते.

न बोलण्याचा इतिहास

कर्करोगही एके काळी असाच न उच्चारण्याचा आजार होता. अमेरिकेत १९६१ साली डॉक्टरांची पाहणी करण्यात आली, तेव्हा सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी रुग्णाला कर्करोगाचे निदान न सांगणेच पसंत असल्याचे म्हटले होते. १९७९ साली तीच प्रश्नावली पुन्हा दिली गेली, तेव्हा चित्र पूर्ण उलटले होते. ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे होते. रुग्णाला निदान कळू लागले, तेव्हाच त्याच्या मनात काय चालले आहे हे विचारणेही शक्य झाले. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग कर्करोग केंद्रात मनोविकारतज्ज्ञ डॉ. जिमी हॉलंड यांनी १९७७ साली यासाठी स्वतंत्र विभाग उभारला आणि ‘सायको-ऑन्कॉलॉजी’ म्हणजे कर्करोग-मानसशास्त्र या शाखेचा पाया घातला गेला. ‘मनोविकार’ हा शब्द ऐकताच रुग्ण मिटून जातात, हे ओळखून या शाखेने त्याऐवजी ‘क्लेश’ या अर्थाचा साधा शब्द स्वीकारला. शून्य ते दहा अंशांच्या तापमापकाच्या चित्रावर रुग्णाने आपला क्लेश दाखवायचा. चार वा अधिक अंश आले की पुढील चौकशी करायची, ही पद्धत आज अनेक देशांत वापरली जाते.

मनोविकाराच्या वाट्याला मात्र हा मोकळेपणा फार उशिरा आला. भारतात १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेडेपणाचा शब्द होता. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शब्द बदलला; पण रुग्णाच्या हक्कांची सविस्तर मांडणी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमातच झाली. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या तिसऱ्या कलमातील एक तरतूद या विषयाच्या मुळाशी जाते. पूर्वी मानसिक उपचार घेतले होते किंवा रुग्णालयात राहावे लागले होते, एवढ्याच आधारावर त्या व्यक्तीला आज वा उद्या मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असे तीत म्हटले आहे. जुनी नोंद ही माहिती आहे, निकाल नव्हे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे.

पहिला अर्ज: रुग्णालयाचा

येथे उत्तर एकच: सर्व काही सांगावे. कारण सरळ आहे. कर्करोगाची आणि मनोविकारांची औषधे एकमेकांच्या वाटेत येतात. स्तनाच्या कर्करोगात पाच ते दहा वर्षे दिले जाणारे टॅमॉक्सिफेन यकृतातील एका विकराच्या साहाय्याने प्रभावी रूपात बदलते. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरील औषधे त्याच विकराला अडवतात. त्यामुळे टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या रुग्णाला ही औषधे शक्यतो टाळून व्हेन्लाफॅक्सिनसारखा पर्याय दिला जातो. औषध बदलणे हे मनोविकारतज्ज्ञाच्या दृष्टीने रोजचे काम आहे. मात्र रुग्ण ते औषध घेतो आहे, हे कर्करोगतज्ज्ञाला ठाऊक असले पाहिजे.

अशी आणखी उदाहरणे आहेत. केमोथेरपीबरोबर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे झोप उडू शकते आणि द्विध्रुवीय विकाराचा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णात उन्मादाची अवस्था उफाळू शकते. लिथियम घेणाऱ्या रुग्णाला उलट्या होऊन शरीरातील पाणी कमी झाले, तर रक्तातील लिथियमची पातळी धोकादायक होते. मूत्रपिंडावर ताण आणणारे सिस्प्लॅटिन दिले जात असेल तर अधिकच. स्किझोफ्रेनियावरील क्लोझापिन आणि केमोथेरपी, दोन्हींमुळे पांढऱ्या पेशी घटू शकतात. यांपैकी कोणताही धोका असाध्य नाही. रक्ततपासणी, मात्रेतील बदल आणि दोन तज्ज्ञांमधील एक दूरध्वनी एवढ्याने बहुतेक धोके टळतात. मात्र अर्जावरील ‘नाही’ या एका शब्दाने तो दूरध्वनी कधीच होत नाही. भीतीपोटी आपली जुनी औषधे परस्पर बंद करणे तर त्याहून घातक. ऐन केमोथेरपीत जुना आजार परतला, तर कर्करोगाचे उपचारही अर्धवट राहतात.

रुग्णालयाला सांगितलेली गोष्ट कार्यालयात पोहोचेल, ही भीती अनाठायी नाही. पण कायदा येथे रुग्णाच्या बाजूचा आहे. २०१७ च्या कायद्यातील तेविसाव्या कलमाने मानसिक आरोग्यविषयक माहितीच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. उपचारांसाठी अन्य डॉक्टरांना माहिती देणे, कोणाच्या जिवाला असलेला धोका टाळणे, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद त्यात आहेत. नोकरी देणाऱ्याची उत्सुकता हा त्यांतील अपवाद नाही.

थकवा की नैराश्य?

कामावर परतण्याच्या सुमारास सर्वाधिक गोंधळ उडतो तो येथे. केमोथेरपीनंतरचा थकवा अनेक महिने रेंगाळतो. नावे आठवत नाहीत, एका वेळी दोन कामे जमत नाहीत. या अवस्थेला बोलीत ‘केमो ब्रेन’ म्हटले जाते. नैराश्याचा पूर्वेतिहास असलेल्या व्यक्तीला मात्र यातील प्रत्येक लक्षण ओळखीचे वाटते आणि ‘ते पुन्हा सुरू झाले’ या धास्तीने ती खचते. घरचेही तसेच समजतात. उलट कधी कधी खरोखरच परतलेले नैराश्य ‘केमोचा अशक्तपणा’ म्हणून दुर्लक्षिले जाते.

झोप, भूक, वजन आणि शक्ती यांवरून अशा वेळी निदान होत नाही, कारण ही सारी कर्करोगानेही बिघडतात. म्हणूनच १९८३ साली रुग्णालयांसाठी तयार झालेल्या चौदा प्रश्नांच्या एका प्रसिद्ध प्रश्नावलीत शारीरिक लक्षणे मुद्दाम वगळली होती. पूर्वी आनंद देणाऱ्या गोष्टींत रस उरला आहे का, स्वतःविषयी निरर्थकपणाची वा अपराधीपणाची भावना आहे का, उद्याविषयी काही आशा वाटते का, हे प्रश्न अधिक नेमके ठरतात. थकलेल्या माणसाला नातवंडाला उचलून घ्यावेसे वाटते, पण बळ नसते. नैराश्यग्रस्ताला ते वाटेनासेच होते. अशी अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे आवश्यक. रक्तक्षय आणि मानेवरील किरणोपचारांनंतर थायरॉइडचे कमी झालेले कार्य ही दोन कारणे रक्ततपासणीत सहज सापडतात. ती आधी तपासून घ्यावीत.

या बाबतीत पूर्वेतिहास असलेला रुग्ण एका अर्थाने इतरांच्या पुढे असतो. कोणते लक्षण सर्वप्रथम दिसते, कोणते औषध लागू पडले, कोणाचा आधार कामी आला, हे त्याला ठाऊक असते. ही माहिती दडवण्यापेक्षा वापरण्यासारखी आहे.

दुसरा अर्ज: कार्यालयाचा

येथील उत्तर वेगळे आहे. कार्यालयाला आजाराचे नाव जाणून घेण्याची गरज क्वचितच असते. कर्मचारी आज काय करू शकतो आणि त्यासाठी कोणती सोय लागेल, एवढे कळणे पुरेसे असते. तंदुरुस्तीच्या दाखल्यात डॉक्टरांनी तेच लिहावे. ‘सहा आठवडे अर्धा दिवस काम’, ‘रात्रपाळी टाळावी’, ‘दर तीन आठवड्यांनी उपचारांसाठी एक दिवस रजा’ ही वाक्ये पुरेशी आहेत. द्विध्रुवीय विकारात जागरण हे उन्मादाचे ज्ञात कारण आहे. पण रात्रपाळी टाळण्याची शिफारस कर्करोगानंतरच्या थकव्यावरूनही करता येते आणि तीही खरीच असते. अर्जातील रकान्यात लेखी खोटे लिहिणे मात्र टाळावे. पुढे तेच शिस्तभंगाचे निमित्त होऊ शकते. ‘सध्याच्या तंदुरुस्तीचा दाखला सोबत जोडला आहे’ असे नमूद करणे आणि ही माहिती कशासाठी हवी, कोण पाहणार, हे विचारणे हा सन्मान्य मार्ग आहे. वैमानिक, रेल्वेचालक यांसारख्या पदांचे वैद्यकीय निकष वेगळे असतात. तेथे विचारलेली माहिती दडवणे इतरांच्या जिवाशी खेळण्यासारखे ठरेल.

कायद्याच्या बाबतीत येथे एक विसंगती आढळते. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यानुसार कर्करोगाचे निदान झाल्यापासूनच रुग्णाला दिव्यांगांसाठीचे संरक्षण मिळते आणि नोकरी देऊ करण्यापूर्वी आरोग्याविषयी प्रश्न विचारण्यावर निर्बंध आहेत. भारतात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य करतो. स्वरयंत्र काढल्यामुळे गेलेली वाचा त्यात आहे, पण कर्करोग स्वतंत्रपणे नाही. मानसिक आजार मात्र आहे. म्हणजे कार्यालय ज्या आजारासाठी फुले पाठवते, त्याला यादीत जागा नाही आणि ज्याच्याकडे संशयाने पाहते, तो यादीत आहे.

या कायद्याच्या विसाव्या कलमानुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही अथवा पदावनत करता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी या संरक्षणाची व्याप्ती स्पष्ट केली. त्या अधिकाऱ्याला नैराश्य आणि मंत्रचळ म्हणजे ओसीडी हे विकार होते आणि त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू होती. मानसिक दिव्यांगत्व हे कारवाईमागील अनेक कारणांपैकी एक असले, तरीही तो भेदभाव ठरू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. खासगी क्षेत्रात संरक्षण तुलनेने विरळ आहे. मात्र समान संधी धोरण जाहीर करण्याचे बंधन कायद्याने खासगी आस्थापनांवरही घातले आहे. ते धोरण मागून वाचणे हे पहिले पाऊल ठरावे.

सांगायचे की नाही, हा निर्णय अर्थातच त्या व्यक्तीचा. संरक्षण हवे असेल, तर कधी तरी सांगावे लागते. सांगितले, तर नजरा बदलण्याचा धोका असतो. प्रथम एका विश्वासू वरिष्ठाला, आवश्यक तेवढेच सांगणे हा मधला मार्ग अनेकदा सोयीचा ठरतो.

तिसरा अर्ज: विम्याचा

येथे पुन्हा संपूर्ण सत्यच सांगितले पाहिजे. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या अर्जात जुना मानसिक आजार लपवला, तर पुढे कर्करोगाचा दावाही माहिती दडवल्याच्या कारणावरून अडकू शकतो. २०१७ च्या कायद्यातील एकविसाव्या कलमाने मानसिक आजारावरील उपचारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा संरक्षण देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आणि विमा नियामक प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१८ रोजी परिपत्रक काढून त्याच्या अंमलबजावणीस सांगितले. २०२४ च्या नियमांनुसार पूर्वीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. पाच वर्षे सलग विमा चालू राहिल्यास, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती न दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही.

कंपनीचा सामूहिक विमा नोकरीबरोबर संपतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. निराशेच्या भरात दिलेला राजीनामा त्यामुळे दुहेरी नुकसान करतो. राज्य कामगार विमा योजनेखालील कामगारांसाठी आणखी एक आधार आहे. ठरावीक काळ वर्गणी भरलेली असल्यास निवडक ३४ दीर्घकालीन आजारांत दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के दराने विस्तारित आजारपण लाभ मिळतो. या यादीत कर्करोग आहे आणि स्किझोफ्रेनिया, उन्माद-नैराश्य यांसारखे तीव्र मनोविकारही आहेत. समाजाने वेगळे केलेले दोन आजार या यादीत मात्र शेजारी बसले आहेत.

परतण्याचा आराखडा

वैद्यकीय पुराव्यांचे मूल्यमापन करणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेने २०१५ साली या विषयावरील अभ्यास तपासले. केवळ समुपदेशन वा माहितीपुस्तिका यांचा विशेष परिणाम दिसला नाही. शारीरिक व्यायाम, मानसिक आधार आणि कामाविषयीचे मार्गदर्शन यांची सांगड घातली, तेव्हा कामावर परतणाऱ्यांचे प्रमाण वाढले. या आधारे रुग्णाला स्वतःपुरता आराखडा आखता येतो:

• रुजू होण्याच्या किमान सहा आठवडे आधी मनोविकारतज्ज्ञाची भेट घ्यावी. नैराश्यावरील औषधांचा पूर्ण परिणाम दिसण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

• दोन्ही आजारांच्या सर्व औषधांची एकच यादी करून ती दोन्ही तज्ज्ञांना दाखवावी.

• पहिल्या आठवड्यात शक्य तर गर्दीची वेळ टाळून प्रवास करावा आणि कामाचे तास टप्प्याटप्प्याने वाढवावेत.

• आजार परतण्याची आपली पहिली तीन लक्षणे लिहून घरच्या एका माणसाजवळ द्यावीत.

• कर्करोगाच्या फेरतपासणीचे दिवस आधीच रजेसाठी नोंदवावेत. अहवाल येईपर्यंतचे दिवस मनाला जड जातात; त्या दिवसांत मोठे निर्णय घेऊ नयेत, राजीनाम्याचा तर नाहीच.

मदतीची तातडीने गरज भासल्यास केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झाली.

उदाहरणातील ती स्त्री अशा तयारीने कार्यालयात पोहोचली, तर तिच्या टेबलावर कदाचित फुले असतील. त्या फुलांमागे कर्करोगाची आठवण असेल. चौदा वर्षांपूर्वीच्या आजारपणात तिला कोणी फूल पाठवले नव्हते. त्या आजारातून ती एकटीच उठून उभी राहिली होती. तो अनुभव तिच्या नावावरील डाग नाही. पुन्हा कामाला लागण्यासाठी तिच्याजवळ असलेली ती सर्वांत जुनी शिदोरी आहे.